लायनलच्या गाडीची पुढची चाकं

गेडनी, मंगळवार, ४ मार्च

ॲड्रियन,

आशीर्वाद वगैरे आज नाहीत. आज मी रागात आहे. फोनवर तू माझं बोलणं मध्येच तोडतोस, कागदावर तुला ते जमत नाही, म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर कसं आहे ते तुला माहीत आहे. चौदाव्या वर्षी शाळा सोडून मी बटाट्याच्या शेतात गेले, तेव्हा चुका काढत बसू नकोस. मुकाट्याने वाच.

"आई, ती गाडी कापून टाक." काल असं म्हणालास. मागच्या अंगणातला मोडका सोफा फेकून दे म्हणावं तसं. तुझा बाप त्या शेडमध्ये आयुष्यभर राबला, एकेक लोखंडी नळी स्वतःच्या हाताने जोडून ती गाडी उभी केली, आणि तो गेल्यावर दोन हिवाळे सरतात न सरतात तोच तू म्हणतोस कापून टाक! बरं, गाडी आता माझी नाहीच. टॅमसिनची आहे. तुझ्याच पोरीची. तिला सांगायची हिंमत नाही म्हणून आईला फोन केलास.

पोरगी माझ्याकडे राहून ट्रॅक्टरच्या कारखान्यात काम शिकते हे तुला खुपतं, ठाऊक आहे मला. तिने मोठ्या कॉलेजात जायला हवं होतं. अरे, ती घरी येते तेव्हा तिच्या केसांनासुद्धा ग्रीसचा वास येतो आणि ती शिट्टी वाजवत येते. या घरात तुझा बाप गेल्यापासून कोणी शिट्टी वाजवली नव्हती. मला किती बरं वाटतं म्हणून सांगू! कधी कधी मी मुद्दाम चहा उशिरा टाकते, म्हणजे ती ओट्याशी उभी राहून दिवसभराचं सगळं सांगते.

तर तपासणीचं काय झालं ते ऐक, तिच्या बापाला माहीत असायला हवं. घरी बनवलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आधी सरकारी माणसापुढे न्यावी लागते. ती आम्ही शेजारच्या हेक्टरच्या ट्रेलरवर घालून नेली. हेक्टर स्वतः पाय मोडून लेकीकडे स्केगनेसला पडला आहे, पण ट्रेलर देऊन गेला. तो तपासणीवाला तसा चांगला माणूस होता, बारकासा, स्वतःचा थर्मास घेऊन आलेला. त्याने दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, सगळ्या कडांवरून बोट फिरवून पाहिलं. मग टॅमसिनला म्हणाला, "आता मैदानात गोल फिरवा आणि मी सांगेन तेव्हा हात सोडा."

तिने हात सोडला. तर स्टिअरिंग परत सरळ यायचं सोडून आणखीच आत वळलं! चाकांनी जणू ठरवूनच टाकलं होतं की आपल्याला सरळ जायचंच नाही. तिने घाईघाईने धरलं म्हणून बरं, नाहीतर त्याचा थर्मास गेला होता.

तो म्हणाला, "मॅडम, हात सोडल्यावर गाडीने आपणहून सरळ व्हायला हवं. ही होत नाही. पास करता येणार नाही."

ती व्हॅनमध्ये बसून रडली. मी तिला अंड्याचं सँडविच दिलं. रडता रडता तिने खाल्लं आणि म्हणाली, "आजी, बाबांना व्हिडिओ पाठवते. ते नोकरीत दिवसभर हेच तर करतात. पुढची चाकंच तर बघतात." कॉव्हेंट्रीच्या एवढ्या मोठ्या कंपनीत बसून तू गाड्यांच्या पुढच्या चाकांचे कोन मोजतोस, हे ती सगळ्या गावाला सांगत असते. तिने व्हिडिओ पाठवला. तू तिला उत्तर दिलं नाहीस. मला फोन केलास.

गाडी कापणार नाही. लसणाच्या वाफ्यात पाणी साचलंय, ते काढायला जाते.

आई


गेडनी, रविवार, ६ एप्रिल

ॲड्रियन,

झाली पास! तुझ्याशिवाय झाली! हे लिहिताना मी खुर्चीत बसल्या बसल्या हलतेय, म्हणून ओळी वाकड्या येतायत. लसूणही छान आलाय.

कसं झालं ते सांगते, म्हणजे तुझा आणखी जळफळाट होईल. क्लबची माणसं गेल्या महिन्यात गावच्या हॉलपुढे जमली होती, आपापल्या घरी जोडलेल्या गाड्या घेऊन. ग्लेनिस तिथे चहा आणि बेकन रोल करते, मी वाढते. म्हटलं, पोरीला यांच्यातच कोणीतरी मदत करील. तर बाबा रे, हातात रोल असलेल्या माणसाइतका हुशार माणूस जगात नसतो! एक म्हणाला टायरच वाईट. दुसरा म्हणाला गाडी फार हलकी, पुढे वजनच नाही, तर स्टिअरिंग मागे येईल कशाने? तिसऱ्याने गुडघे टेकून खाली पाहिलं आणि म्हणाला, स्टिअरिंगची पेटी घट्ट झाली असेल. मी म्हटलं, "आणि पुढची ती सगळी जोडणी? तिचं माप कोणी घेतलंय का?" तर सगळे माझ्याकडे बघून हसले. "अगं एव्हिस, ते लायनलचं काम आहे. लायनलचं काम कोण मोजणार?"

मला काय, अभिमानच वाटला. मी त्यांना आणखी एकेक रोल दिला.

मग ग्लेनिसचा नवरा टॅमसिनला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरी, तपासणीच्या दिवशी सगळेच करतात ते कर. पुढची दोन्ही चाकं जराशी बाहेर फाकव, बदकाच्या पायांसारखी. टायरमध्ये हवा ठासून भर. हात सोडलास की येईल थोडंफार मागे. पास झालीस की घरी येऊन पुन्हा सरळ कर."

टॅमसिन म्हणाली, "ही तर लबाडी झाली."

तो म्हणाला, "लबाडी कसली? पद्धत आहे."

तिला पटलं नव्हतं हे मी पाहिलं. पण तिला गाडी हवी होती, आणि खरं सांगू, मलाही हवी होती. मीच म्हटलं, कर बाई. तिने केलं. तो थर्मासवालाच होता. त्याने हात सोडायला लावला, स्टिअरिंग रडतखडत का होईना पण मागे आलं. त्याने भुवया वर केल्या आणि सही केली.

मग नंबर प्लेट आली. ती पोरीने स्वतः लावली. लगेच मी शेजारी बसले. ॲड्रियन, तुला आठवतं का ती सीट किती खाली आहे? बूड जवळजवळ रस्त्याला लागतं. शेजारच्या लॉरीचं चाक माझ्या कानाशी! छप्पर नाही, काच एवढीशी, तोंडात चिलटं जातात. मी अख्ख्या गेडनीतून हात हलवत गेले. चॅपलचे पास्टर कुंपण कापत होते, त्यांनी मला ओळखलंच नाही. मी ओरडून सांगितलं, मी आहे मी!

त्यानंतर टॅमसिनने चाकं पुन्हा सरळ केली, ग्लेनिसच्या नवऱ्याने सांगितलं होतं तशी. गाडीच्या दोन्ही बाजूंना मासेमारीची दोरी ताणून बांधली आणि पोलादी पट्टीने प्रत्येक चाकाच्या पुढचं-मागचं अंतर मोजलं. तुझा बाप असंच करायचा. दोरीला हात लावला तर माझ्या अंगावर खेकसायचा.

त्यानंतरचं विशेष काही नाही. काल ती जरा लांब फिरून आली. रेडिएटरच्या जाळीत थोडे बोरू अडकलेत आणि तिचे बूट ओले झाले. आपल्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चरच आहेत, बोरू अडकायचेच. मनगटाला जरा लचक आली आहे तिच्या.

तू तिचं अभिनंदन केलं नाहीस. तिने तुला नंबर प्लेटचा फोटो पाठवला होता. ती जेवताना फोन टेबलावर उलटा ठेवते आणि दर थोड्या वेळाने उचलून बघते. तुझं उत्तर आलंय का ते बघते रे. मी काय आंधळी आहे?

आई


गेडनी, सोमवार, १२ मे

ॲड्रियन,

हो, चरात गेली. लचक नव्हती, मनगट मोडलं. मी लपवलं, तुझ्यापासून लपवलं, कारण तू "मी सांगितलं होतं" म्हणाला असतास. आता क्लबमधल्या कोणीतरी तुला सांगितलंच, आणि तू मला टाइप केलेलं पत्र पाठवलंस! आईला! टाइप केलेलं! त्यात लिहितोस की गाडी रस्त्यावर चालवायला असुरक्षित आहे अशी तू तक्रार करणार आहेस आणि टॅमसिनने "भावनेच्या भरात" निर्णय घेऊ नये. खाली पूर्ण नावाने सही. मी तुला जन्म दिला, तुझं पूर्ण नाव मला ठाऊक आहे.

आता काय झालं ते सांगते, आणि मग तुला असं काही सांगते की तुझं टायपिंग बंद होईल.

लांब सरळ रस्ता होता, कोबीच्या शेतांमधला. टॅमसिन म्हणते, सावकाश चालवत होती तोवर स्टिअरिंग नुसतं मुकं होतं, हाताला काहीच सांगत नव्हतं. वेग वाढल्यावर एका खड्ड्यात चाक आदळलं आणि स्टिअरिंगने तिच्या हातातून झटका देऊन वळायला सुरुवात केली. तिने सरळ केलं तर ते दुसऱ्या बाजूला पळालं. "आजी, ते मला विचारतच नव्हतं," म्हणाली. मग चर. नशीब की चरात पाणी थोडं होतं. डाव्या बाजूचे बोरू लवले आणि गाडी त्यांच्यावर टेकून बसली. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर लावून ओढून काढली. येऊन मला म्हणाला, "तुमची नात चिखलातून बाहेर आली आणि आधी गाडीखाली वाकून बघायला लागली. मी म्हटलं, बाई, आधी तुझा हात बघ."

तर हात प्लास्टरमध्ये, काम बंद, घरात बसून काय करणार? तिने पुढचं चाक काढायला लावलं मला. मला! नट कसे फिरवायचे ते शिकले मी या वयात, आणि मजा वाटली हे खोटं कशाला सांगू? मग ती म्हणाली, "आजी, सगळ्यांनी टायर पाहिले, पेटी पाहिली, वजन पाहिलं. आजोबांनी जे जोडलं ते कोणीच मोजलं नाही. मीसुद्धा नाही." तिने एका दोऱ्याला नट बांधून ओळंबा केला. चाक ज्याच्यावर फिरतं तो खांब वरच्या आणि खालच्या अशा दोन सांध्यांमध्ये धरलेला असतो. तिने वरच्या सांध्यापासून ओळंबा सोडला. सायकलचा पुढचा दांडा कसा मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते? तसा तो वरचा सांधा थोडा मागे असायला हवा. लबाडी न करता स्टिअरिंग परत येतं ते त्यानेच.

आपल्या गाडीत तो पुढे होता. दोन्ही बाजूंना. दोन-दोन बोटं पुढे.

वरच्या त्या त्रिकोणी दांड्यांना ही मंडळी विशबोन म्हणतात. दोन्ही दिसायला सारखे, पण टोक मधोमध नसतं, जरा एका बाजूला असतं. डावा डावीकडे लावला तर सांधा मागे जातो. डावा उजवीकडे लावला तर पुढे येतो. आपल्या गाडीत ते उलटे लावलेत. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. टॅमसिन जमिनीवर बसून हसायलाच लागली. "आजोबा असं कसं करतील, आजी?"

मी उठले आणि कपडे वाळत घालायला गेले. कपडे धुतलेलेच नव्हते.

कारण ते तिच्या आजोबांनी लावले नव्हते. ते कोणी लावले ते मला ठाऊक आहे. मी त्या दिवशी शेडमध्ये चहा घेऊन आले होते. कित्येक वर्षांपूर्वीची, वसंतातली बँकेची सुट्टी होती. लायनल कोबीची लॉरी सोडायला स्पॉल्डिंगला गेला होता आणि तू एकटाच काम करत होतास, त्याला चकित करायचं म्हणून. "आई, बाबा येईपर्यंत पुढचा भाग पुरा करतो," म्हणालास. कपाळाला तेल लागलं होतं. मग तो आला, तू कॉव्हेंट्रीच्या नोकरीचं सांगितलंस, आणि तुमचं ते भांडण झालं. तू त्याला शेतातला मिस्त्री म्हणालास. तो तुला काय म्हणाला ते मी लिहिणार नाही. तू बॅग उचललीस. तेव्हापासून तू या शेडमध्ये पाय ठेवला नाहीस. अंत्यसंस्काराच्या दिवशीही नाही, घराच्या पुढच्या दाराने आलास आणि पुढच्याच दाराने गेलास.

आणि मार्चमध्ये टॅमसिनने तुला व्हिडिओ पाठवला. हात सोडल्यावर स्टिअरिंग आत पळतंय, असा व्हिडिओ. तू आयुष्यभर हेच काम केलंस. तुला बघताक्षणी कळलं. कळलं ना? म्हणून तर लगेच फोन केलास. तिला नाही, मला. आणि "बाजू बदला" एवढं म्हणायचं सोडून "कापून टाक" म्हणालास. स्वतःची चूक कापून भंगारात जावी, कोणाला दिसूच नये.

अरे मेल्या, पोरगी चरात गेली ना! चरात पाणी जास्त असतं तर?

मी टॅमसिनला तुझं नाव सांगितलेलं नाही. तिला अजून वाटतं की आजोबा चुकले. तू सांग. तुझ्या तोंडाने सांग. प्लास्टर निघेपर्यंत गाडीला कोणी हात लावणार नाही. येऊन ते दांडे तूच काढ आणि तूच लाव.

आई


गेडनी, गुरुवार, १५ मे

तुझा निरोप फोनवर वाचला. "मला वाटलं, तपासणीत नापास झाली की ती नाद सोडेल."

बस? एवढंच?

ती तुझी पोरगी आहे. तुला वाटलं ती नाद सोडेल?

मला आज आणखी लिहायचं नाही. लिहिलं तर पास्टरना दाखवता येणार नाही असं काहीतरी लिहीन.


गेडनी, बुधवार, २५ जून

ॲड्रियन,

तू आला नाहीस. मी खिडकीपाशी बसत होते हे तुला सांगणार नव्हते, पण सांगते. बरं. आता काय झालं ते ऐक.

हेक्टर लेकीकडून परत आला, काठी घेऊन. तू लहान असताना शेजारच्या घरातून तुला टॉफी देणारा तोच हेक्टर, आता दात नाहीत आणि ऐकूही कमी येतं. गाडी चरात गेल्याचं त्याला स्केगनेसला कोणी सांगितलंच नव्हतं. इथे आल्यावर ऐकलं तसा काठी टेकत थेट शेडमध्ये आला. चेहरा पांढरा पडला होता. टॅमसिन तिथेच होती, त्याच दिवशी प्लास्टर काढून आली होती आणि बारीक झालेलं मनगट मला दाखवत होती. हेक्टर दारातूनच ओरडला, त्याला हळू बोलता येतच नाही, "अगं एव्हिस, पोरीला ते विशबोन उलटे आहेत हे कोणी सांगितलं नाही का? मी लायनलला तेव्हाच सांगितलं होतं!"

मी म्हटलं, "काय सांगितलं होतंस?"

"की बाबा, हे उलटे बसलेत! पोराच्या जाण्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं. तो म्हणाला, ठाऊक आहे. मी म्हटलं, मग काढ की. तर म्हणाला, राहू दे. ॲड्रियनने लावलेत. तो येईल, स्वतः बघेल, स्वतः बदलेल, आणि मी त्याला मरेपर्यंत चिडवीन. तेवढी मजा तरी मला मिळू दे."

हेक्टरला वाटलं आम्हाला ऐकू आलं नाही, म्हणून त्याने पुन्हा सगळं ओरडून सांगितलं.

मी तुझ्यावर किती चिडले होते ते तुला आधीच कळलंय. आता मी त्याच्यावरही चिडले. एवढी वर्षं तो दर रविवारी शेडमध्ये जाऊन ती गाडी पुसायचा. मला म्हणायचा, "अजून थोडं काम आहे." काय काम होतं? चार बोल्ट होते! गाडी ठोकळ्यांवर ठेवून तो तुझी वाट बघत बसला, आणि मला कधी एका शब्दाने बोलला नाही, की एव्हिस, पोराला लिही. मी लिहिलं असतं रे. मला लिहिता येत नाही म्हणून तुम्ही दोघं हसायचात, पण मी लिहिलं असतं. काल चर्चच्या आवारात त्याच्या थडग्यापाशी जाऊन त्याला हे सगळं सुनावलं. गवत कापणाऱ्या माणसाने मशीन बंद केलं आणि ऐकत उभा राहिला. ऐकू दे.

टॅमसिन मात्र शांत होती. तिने हेक्टरला विचारलं, "बाबांनी लावले होते?"

"हो."

मग माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

मी म्हटलं, "मे महिन्यापासून. त्याने स्वतः सांगावं म्हणून थांबले होते."

"आणि त्यांना? व्हिडिओ बघितला तेव्हा?"

मी तुझा तो फोनवरचा निरोप तिला दाखवला. लपवायचं आता माझ्याकडे काही उरलं नव्हतं आणि तुझ्यासाठी लपवायची इच्छाही उरली नव्हती. तिने वाचला. दोनदा वाचला. मग फोन मला परत दिला आणि भिंतीवरचा पाना काढला.

मी म्हटलं, "थोडं थांबशील का बाळा? त्याला पुन्हा एक पत्र टाकते. एकदा येऊ दे त्याला, त्याच्याच हाताने..."

"आजोबांनी हेच केलं ना, आजी?" ती म्हणाली. "मी आजोबा नाही. मी नाही थांबणार."

मनगटात अजून जोर नव्हता तर तिने पान्याला नळी लावून लांब केला आणि त्यावर अख्खं वजन टाकलं. पहिला बोल्ट सुटला तेव्हा असा आवाज झाला की हेक्टरलाही ऐकू आला. तू तेव्हा फार घट्ट आवळले होतेस. चहाच्या वेळेपर्यंत दोन्ही दांडे जमिनीवर होते, आणि त्यांच्यामागे लायनलने लावलेला रंग बिलकुल उडालेला नव्हता. म्हणजे त्याने ते एकदाही हलवले नव्हते. मी ते पाहिलं आणि मला राग कुठे ठेवावा कळेना, म्हणून मी केक कापला.

मग तिने बाजू बदलून लावले. पुन्हा ओळंबा सोडला. आता वरचा सांधा मागे. पुन्हा मासेमारीची दोरी, पुन्हा पोलादी पट्टी, कारण एक गोष्ट हलवली की चाकांची दिशाही हलते म्हणे. हेक्टर काठीने दाखवत होता आणि ती "हो हो, हेक्टर" म्हणत आपल्या मनाचं करत होती. टायरमधली हवा हवी तेवढीच. फाकवणं-बिकवणं काही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच रस्त्याने गेलो. त्याच. मीच म्हटलं, तिथूनच जायचं. मी शेजारी. घाबरले नव्हते म्हणाले तर खोटं होईल. सीटखालची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. तो खड्डा आला, चाक आदळलं, आणि ॲड्रियन, काहीच झालं नाही! स्टिअरिंग जरासं हललं आणि आपल्या जागी आलं. टॅमसिन ओरडली, "आजी, कळतंय! रस्ता हाताला कळतोय!" आणि खड्डे शोधून शोधून त्यांच्यावरून जायला लागली. पुढे मोकळ्या जागेत गाडी गोल फिरवली आणि दोन्ही हात वर केले. स्टिअरिंग सुळसुळत तिच्या छातीसमोर सरळ झालं. मग मला म्हणाली, तू धर. मी शेजारून हात घातला. जिवंत होतं रे ते. डांबर कुठे संपतं आणि खडी कुठे सुरू होते ते बोटांना कळत होतं. मांजरीच्या पाठीवर हात ठेवावा आणि आत तिचं गुरगुरणं लागावं, तसं काहीसं. आम्ही दोघी इतक्या हसलो की कोबीच्या शेतातली माणसं काम सोडून बघायला लागली.

हे तू स्वतः करू शकला असतास. मार्चमध्ये. एका वाक्यात.

मी तुला माफ केलेलं नाही, उगाच समजून घेऊ नकोस. टॅमसिननेही नाही. ती तुझं नाव काढत नाही, जेवताना फोन खोलीत ठेवून येते. पण काल रात्रीची भांडी घासताना आपणहून म्हणाली, "शनिवारी कॉव्हेंट्रीला जाऊ या." मी म्हटलं, "काय बोलणार आहेस त्याच्याशी?" म्हणाली, "काही नाही. त्यांना त्या सीटवर बसवणार, स्टिअरिंग हातात देणार आणि शेजारी बसणार."

तर शनिवारी आम्ही येतोय. गाडीनेच येतोय, मी लायनलचा जाड कोट घालून. पाऊस आला तरी येतोय. कुठे बाहेर जाऊ नकोस, मीटिंग आहे म्हणू नकोस, शनिवारी कोणाची मीटिंग नसते. तू चालवायचं आणि ती शेजारी बसेल. मी तुझ्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसेन, त्यामुळे माझी काळजी नको. कितीही लांब जा. त्या गाडीत इंजिन मांडीशी येतं आणि वारा कानात शिरतो, ओरडल्याशिवाय शेजारच्याला एक अक्षर ऐकू जात नाही. तुम्हा दोघांना नेमकं तेच हवंय.

आई